नव्या लॉनमधला लव्हाळा आणि एक ग्रॅम तणनाशक

हे परीक्षण एका तणनाशकाचे आहे. त्यातील घटकाचे नाव हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के असे असून ते दाणेदार स्वरूपात, लहानशा पाकिटात, कृषी सेवा केंद्रांत मिळते. ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या ते चांगले परिचयाचे आहे, कारण उसातील लव्हाळ्यावर एकरी ३६ ग्रॅम या मात्रेने ते फवारले जाते. मी मात्र ते पुण्यात, घरापुढच्या सुमारे बाराशे चौरस फुटांच्या, नव्यानेच टाकून घेतलेल्या बर्म्युडा लॉनवर वापरले. कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. एकच घटक निरनिराळ्या नावांनी विकला जाऊ शकतो, त्यामुळे पाकिटावरील मोठ्या अक्षरांतल्या नावापेक्षा त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले घटकाचे नाव आणि त्याची टक्केवारी वाचणे गिऱ्हाइकाच्या अधिक फायद्याचे असते.

औषधाविषयी सांगण्याआधी तण आले कुठून हे सांगायला हवे, कारण नवे लॉन घेणाऱ्या बहुतेकांची येथेच दिशाभूल होते. लॉनचे तुकडे पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकांमधून आले होते आणि ते स्वच्छ होते. तक्रारीची जागा त्यांच्याखाली होती. लॉन टाकून देणाऱ्या कंत्राटदाराचा दर चौरस फुटावर असतो आणि त्यात ‘चार इंच माती, शेणखतासह’ एवढाच उल्लेख असतो. ती माती डोंगराकडची लाल माती आहे, नदीकाठचा पोयटा आहे की एखाद्या तळ्यातून उपसलेला गाळ आहे, हे कोणी लिहून देत नाही आणि आपणही विचारत नाही. ओलाव्याच्या जागेवरून उचललेल्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी असण्याची शक्यता मोठी असते. त्या गाठी मातीच्याच रंगाच्या, हरभऱ्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या असल्यामुळे ट्रॉली रिकामी होताना नजरेस पडत नाहीत. हिरवा गालिचा अंथरून, रोलर फिरवून, पैसे चुकते करून झाले की आठवडा-दोन आठवड्यांत त्या गालिच्यातून टोकदार पाती वर येऊ लागतात. आमच्या कंत्राटदाराचे त्यावरचे उत्तर ‘पाणी जास्त होतंय, काका’ असे होते. पाणी जास्त असल्याने लव्हाळा फोफावतो हे खरे. पण नुसत्या पाण्याने तो उत्पन्न होत नाही.

लव्हाळा ओळखणे सोपे आहे. लॉन कापल्यानंतर दुसऱ्याच दिवशी बाकीच्या गवताच्या वर डोके काढून उभी राहिलेली, जरा फिकट आणि चकचकीत हिरवी पाती दिसली, की ती बहुधा त्याचीच असतात, कारण त्याच्या वाढीचा वेग बर्म्युडाला झेपत नाही. खात्री करायची असल्यास फुलोऱ्याचा दांडा बोटांच्या चिमटीत धरून फिरवावा. तो गोल फिरत नाही, त्याच्या तीन धारा बोटाला लागतात. फुलोरा तांबूस-जांभळट तपकिरी असतो. गाठ खणून काढून नखाने सोलली तर नागरमोथ्याचा ओळखीचा सुगंध येतो, आणि तो यायलाच हवा, कारण आयुर्वेदात मुस्ता म्हणून जी वापरली जाते ती हीच गाठ आहे. जगभरच्या शेतीत सर्वांत उपद्रवी ठरलेल्या तणांच्या यादीत याच वनस्पतीला पहिले स्थान दिले गेले आहे.

त्याच्या उपद्रवाचे मूळ जमिनीखाली आहे. एका गाठीतून बारीक आडवे खोड निघते, त्याच्या टोकाला नवी गाठ तयार होते, तिच्यातून पुढचे खोड, पुढची गाठ, अशी जपमाळेसारखी साखळी तयार होत जाते. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात, पण काही त्याहून खोल जातात. या साखळीतील सगळ्या गाठी एकाच वेळी फुटत नाहीत. पुढची गाठ जागी असेपर्यंत मागच्या बऱ्याचशा सुप्त राहतात. माळी खुरपे घालून पात उपटतो तेव्हा साखळी तुटते, पात आणि फार तर एखादी गाठ हातात येते आणि मागे राहिलेल्या सुप्त गाठींना फुटण्याची मोकळीक मिळते. खुरपणीनंतर पंधरवड्यात लव्हाळा पूर्वीपेक्षा दाट का दिसतो, याचे हे सरळ कारण आहे. त्यातून नव्या लॉनमध्ये खुरपणी करणे म्हणजे अजून मुळे न धरलेले तुकडे जागोजागी उचकटणे. माळ्याची रोजंदारी वाया जाते, लॉनला खड्डे पडतात आणि लव्हाळा तसाच राहतो. शेतकरी उन्हाळ्यात नांगरट करून गाठी उन्हात वाळवतो, आणि उघड्या पडलेल्या गाठी कडक उन्हात खरोखर मरतात. पण लॉन अंथरून झाल्यावर तो मार्ग बंद झालेला असतो.

मग राहतात तणनाशके. माळी आणि शेजारीपाजारी पहिले नाव ग्लायफोसेटचे घेतात. ते निवडक नाही. ज्या हिरव्या पानावर पडेल ते मारते, म्हणजे लव्हाळ्याबरोबर लॉनही जाते. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर केवळ पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करण्याचे बंधन घातले, तेव्हा घरच्या घरी पंपात भरून फवारण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरे नाव टू-फोर-डीचे. ते गवताला इजा न करता रुंद पानांच्या तणांवर चालते, परंतु लव्हाळ्याची वरची पात पिवळी पडण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि वाऱ्याने त्याचे तुषार शेजारच्या टोमॅटोवर किंवा द्राक्षाच्या वेलावर गेले तर पाने आखडून वेडीवाकडी होतात. दाटीच्या वस्तीत हे औषध मला नकोच वाटते.

हॅलोसल्फ्युरॉनचे वेगळेपण येथे कळते. जपानच्या निसान केमिकल या कंपनीने विकसित केलेले हे औषध सल्फोनिल्युरिया गटातील असून आंतरप्रवाही आहे, म्हणजे पानातून शिरून ते वनस्पतीच्या आत खालीपर्यंत पोहोचते. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्ले तयार करण्यासाठी वनस्पतीला लागणारे एक विकर (एन्झाइम) ते बंद पाडते. पेशींना नवे प्रथिन बांधता येत नाही, वाढ थांबते आणि वनस्पती हळूहळू उपाशी मरते. बर्म्युडासारखी गवते हे औषध स्वतःच्या शरीरात लवकर मोडून निकामी करतात, लव्हाळ्याला ते जमत नाही; औषधाची निवडकता ती एवढीच. अमेरिकेत याच घटकाचे औषध ‘सेजहॅमर’ या नावाने खास लॉनसाठी विकले जाते आणि तेथील लव्हाळ्यासाठीची कमाल मात्रा आपल्याकडच्या उसाच्या मात्रेच्या जवळपास तेवढीच आहे. हे जुळल्यामुळेच मला ते वापरण्याचा धीर झाला. आपल्याकडच्या पाकिटाच्या लेबलावर मात्र मला लॉन हा शब्द आढळला नाही. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे आणि वापरायचे ठरवल्यास आधी एखाद्या कोपऱ्यात, चटईएवढ्या जागेवर फवारून आठ-दहा दिवस वाट पाहावी.

खरेदीचा प्रसंग थोडा गमतीचा झाला. दुकानदाराने ‘साहेब, किती एकराला?’ असे विचारले आणि ‘एकर नाही हो, बाराशे स्क्वेअर फूट,’ असे उत्तर ऐकल्यावर त्याने पाकीट काउंटरवर ठेवता ठेवता हात थांबवला. त्याचे थांबणे रास्त होते. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. ३६ ग्रॅमला त्या हिशेबाने भागले की हजार चौरस फुटांना सुमारे ०.८३ ग्रॅम आणि बाराशे चौरस फुटांना जेमतेम एक ग्रॅम औषध लागते. ३६ ग्रॅमच्या पाकिटातले उरलेले ३५ ग्रॅम घरी पडून राहतात. बंगल्याच्या अंगणासाठी हे पाकीट मोठे आणि म्हणून महाग आहे, ही या उत्पादनाबद्दलची माझी पहिली नाराजी. आम्ही गल्लीतल्या ज्यांच्या-ज्यांच्या लॉनमध्ये लव्हाळा होता त्यांनी मिळून एकच पाकीट घेतले, आणि मला वाटते, घरगुती वापरासाठी परवडणारा मार्ग हाच आहे.

एक ग्रॅम मोजणे ही दुसरी अडचण. स्वयंपाकघरातला वजनकाटा येथे कुचकामी आहे, कारण त्याला एक ग्रॅम आणि दोन ग्रॅम यांतला फरक नीट कळत नाही, आणि येथे तो फरक म्हणजे दुप्पट मात्रा. सोन्याचांदीचे वजन करायला वापरतात तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा लागतो. कागदाच्या घडीत घेतलेले एक ग्रॅम दाणे इतके थोडे दिसतात की हात आपोआप पाकिटाकडे पुन्हा वळतो. तो आवरावा. चमच्याने किंवा ‘चिमूटभर’ या मापाने हे औषध घालणाऱ्याने ते घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता फवारणीची वेळ. नव्या लॉनच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही की औषधाची घाई करू नये. अंथरलेल्या तुकड्यांनी खालच्या मातीत मुळे सोडलेली नसतील तर ते आधीच ताणाखाली असतात आणि निवडक औषधही त्यांना सोसत नाही. तुकड्याचा कोपरा धरून हलकेच वर ओढून पाहावा. तो उचलला गेला तर थांबावे, गवत तुटेल पण तुकडा हलणार नाही अशी पकड आली असेल तर पुढे जावे. आपल्या हवामानात याला साधारण महिना ते दीड महिना लागतो. या काळात लव्हाळा डोळ्यांदेखत वाढत राहतो आणि घरातले प्रत्येक माणूस जाता-येता दोन पाती उपटते. ते थांबवणे हेच खरे काम आहे. औषध पानावाटे गाठीपर्यंत जाणार असते, म्हणून पान जितके भरदार तितका औषधाचा मार्ग मोठा. तीन ते आठ पानांच्या अवस्थेतील, न कापलेला, जोमात असलेला लव्हाळाच औषध नीट खाली नेतो. फवारणीच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस लॉन कापायचे नाही. आमच्या माळ्याला हे पटवताना मला पाकिटातली घडीपत्रिका वाचून दाखवावी लागली, कारण फवारणी म्हटली की आधी कापून ‘साफ’ करायची अशी त्याची पद्धत होती.

मातीत वापसा असावा, गवत तहानलेले नसावे, वारा पडलेला असावा आणि पुढचे किमान चार तास पाऊस येऊ नये, अशी सकाळ निवडली. एक ग्रॅम औषध आधी पेलाभर पाण्यात चांगले ढवळून, मग पाच लिटर पाण्यात मिसळून, त्यात स्टिकर, म्हणजे फवारा पानावर पसरून चिकटावा म्हणून घालायचे द्रव, त्याच्या बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात घालून बॅटरीच्या पंपाने फवारले. स्टिकर टाळू नये. लव्हाळ्याच्या पानावर मेणाचा थर असतो आणि साध्या पाण्याचे थेंब त्यावरून मोत्यांसारखे घरंगळून जातात; स्टिकर घातल्यावर तेच पाणी पानभर पसरून बसलेले डोळ्यांना दिसते. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, आणि लॉन पूर्ण वाळेपर्यंत मुलांना व कुत्र्याला आत ठेवले होते.

परिणाम पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी बाहेर धावणाऱ्याची निराशा होईल. पहिले काही दिवस काहीच घडत नाही. मग लक्षात येते की लव्हाळा वाढायचा थांबला आहे, एरवी रोज बोटभर वर जाणारी पात आहे तिथेच आहे. त्यानंतर मधले कोवळे पान पिवळे पडते, बाहेरची पाने तांबूस तपकिरी होत टोकाकडून वाळतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झुबका चिमटीत धरून ओढला तर सहज निघून येतो. लॉन तसेच हिरवे राहिले. फक्त जिथे फवाऱ्याचे दोन पट्टे एकमेकांवर आले होते तिथे ते काही दिवस फिकट दिसले आणि पुढच्या कापणीपर्यंत सावरले. मी मेलेल्या झुबक्यांखाली दोन-तीन ठिकाणी खणून पाहिले. पातीला थेट जोडलेल्या गाठी दाबल्यावर मऊ लागत होत्या आणि आतून काळपट झाल्या होत्या. पण साखळीत मागे असलेल्या काही गाठी कापल्यावर आतून पांढऱ्या शुभ्र आणि टणक निघाल्या. औषध त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते, किंवा पुरेसे पोहोचले नव्हते. याच गाठी पुढे फुटल्या. म्हणून ‘एका फवारणीत कायमचा नायनाट’ असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. पुन्हा उगवलेला लव्हाळा मात्र विरळ होता, आणि सहा ते दहा आठवड्यांच्या अंतराने दुसरी फवारणी केल्यावर तो इतका कमी राहिला की उरलेल्या झुबक्यांवर हातपंपाने तेवढ्यापुरते औषध मारणे पुरेसे झाले.

हे औषध काय करत नाही, तेही सांगितले पाहिजे. नव्या लॉनमध्ये लव्हाळ्याबरोबर शेणखतातून आलेली दुसरी मंडळीही असतात. आंबुशी, घोळ, दुधी, एकदांडी यांच्यासाठी या औषधाच्या भरवशावर राहू नये. ती हाताने, फुलावर येण्याआधी आणि पाणी दिल्यानंतर, मुळासकट काढणे हाच उत्तम उपाय आहे, कारण त्यांच्याखाली गाठींची साखळी नसते. गाजर गवताचेही तसेच. १९५० च्या दशकाच्या मध्यात भारतात त्याची पहिली ठळक नोंद झाली ती पुण्यातच, आणि आज शेणखताच्या प्रत्येक ट्रॉलीत त्याचे बी असते असे समजून चालावे. लव्हाळा तसा इथलाच रहिवासी. गाजर गवत आणि एकदांडी मात्र अमेरिका खंडातून आलेली. गाजर गवताच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, तेव्हा ते हातमोजे घालूनच उपटावे. हरळीवरही हे औषध चालत नाही. आमचे लॉन बर्म्युडाचे, म्हणजे मुळात हरळीचेच, गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्याच जातीचे असल्यामुळे आम्हाला तो प्रश्न आला नाही. पण ज्यांनी दुसऱ्या जातीचे लॉन टाकले आहे आणि त्यात हरळी घुसली आहे त्यांनी हे पाकीट त्यासाठी विकत घेऊ नये.

आणखी काही सावधगिरीच्या गोष्टी आहेत. हे औषध जमिनीत काही आठवडे टिकते, म्हणून लॉनला लागून असलेल्या भाजीच्या वाफ्यावर त्याचे तुषार जाऊ देऊ नयेत आणि फवारलेल्या लॉनच्या पहिल्या दोन-तीन कापण्यांचे गवत कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. शोभेच्या झाडांच्या आणि कुंपणाच्या मेंदीच्या बुंध्याशी पंप नेऊ नये. तयार केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे. उरलेले दाणे मूळ पाकिटातच, तोंड घट्ट बंद करून, कोरड्या आणि कुलपाच्या जागी ठेवावेत. पाकिटावरील त्रिकोणाचा रंगही पाहावा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. आणि परिणाम चांगला दिसला म्हणून दर महिन्याला फवारण्याची सवय लावू नये, कारण या गटातील औषधे सतत वापरल्यास त्यांना दाद न देणारी तणे तयार होतात, हे जगात अनेक ठिकाणी दिसून आले आहे.

लव्हाळ्यापुरते पाहिले तर, लॉन न मारता गाठींपर्यंत पोहोचणारे इतके उपयोगी दुसरे औषध माझ्या पाहण्यात नाही आणि पाच पैकी चार गुण मी त्याला निःशंकपणे देईन. कापलेला एक गुण पाकिटाच्या आकारासाठी आणि लॉनसाठीच्या सूचना लेबलावर नसल्याबद्दल आहे. ज्यांचे लॉन अजून टाकायचे आहे त्यांनी मात्र औषधाच्या दुकानाआधी मातीकडे लक्ष द्यावे. काळे प्लॅस्टिक अंथरून लव्हाळा दाबता येईल असे कोणी सुचवले तर ऐकू नये. त्याची टोकदार पात प्लॅस्टिक भोसकून वर येते. त्यापेक्षा कंत्राटदाराकडून मातीचा नमुना आधी मागून घ्यावा, एका पसरट ट्रेमध्ये तीन-चार इंच भरून रोज पाणी द्यावे आणि उन्हात ठेवावा. दोन-तीन आठवड्यांत त्यातून लव्हाळ्याची टोकदार, चकचकीत पात वर आली तर ती ट्रॉली फाटकातून आत घेऊ नये, आणि माती कुठून आणली जाणार हे कोटेशनमध्ये लिहून मागावे.